अर्धजळका कागद

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांची तसबीर आहे. त्यांना वडिलांच्या ठिकाणी असलेले कार्डिनल स्टेफान विशिन्स्की म्हटले की पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारपुढे न झुकलेले धर्माधिकारी, एवढेच आपल्याला आठवते. आम्हांला आज ते साधे फादर होते त्या दिवसांविषयी सांगायचे आहे.

३ ऑगस्ट १९०१ रोजी झुझेला ह्या खेड्यात, चर्चमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्याच्या घरी ते जन्मले. नऊ वर्षांचे असताना आई वारली. गुरुदीक्षेच्या वेळी ते इतके आजारी होते की सोबत्यांबरोबर दीक्षा घेता आली नाही. १९२४ साली, आपल्या वाढदिवशी, त्यांनी ती एकट्याने घेतली. १९३९ मध्ये जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले तेव्हा बिशप मिखाव कोझाल ह्यांनी त्यांना शहर सोडायला लावले. बिशप स्वतः मात्र मागे राहिले आणि १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले.

लपतछपत फादर १९४२ मध्ये वॉर्साजवळच्या लास्की येथे आले. तेथे मदर एल्झ्बिएता चात्स्का अंध मुलांची संस्था चालवीत. मदर स्वतःही अंध होत्या. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साने जर्मनांविरुद्ध उठाव केला आणि लास्कीत जखमींसाठी इस्पितळ उभे राहिले. फादर ‘राद्वान’ हे टोपणनाव घेऊन उठावकऱ्यांचे चॅपलन झाले.

लगतच्या कांपिनोस जंगलात उठावकऱ्यांची तुकडी होती. २ सप्टेंबरच्या रात्री आडोल्फ पिल्ख ह्या तरुण अधिकाऱ्याने सुमारे ८० माणसांनिशी त्रुस्काव गावावर छापा घातला. तेथे जर्मनांच्या चाकरीतील रशियन सैनिक उतरले होते. वॉर्सात निरपराध नागरिकांवर अनन्वित अत्याचार करणारी हीच फौज. छापा यशस्वी झाला. पण चकमक जिंकली तरी जखमी होतातच. फादर त्यांचे पापनिवेदन ऐकत, शस्त्रक्रियेच्या वेळी जवळ उभे राहत, मरणाऱ्यांना अभ्यंग देत. महिनाअखेरीस, २९ सप्टेंबरला, याक्तोरूव येथे शत्रूने ह्या तुकडीला घेरून मोडले.

जळत्या वॉर्साची राख वाऱ्याबरोबर लास्कीपर्यंत येई. एकदा फादरांनी अर्धजळका कागद उचलला. बाकी मजकूर जळाला होता, प्रीती करण्याच्या आज्ञेचे आरंभीचे शब्द तेवढे शिल्लक होते. आमच्या हाती तो कागद आला असता, तर त्या दिवसांत कदाचित आम्ही तो रागाने फेकून दिला असता. फादरांनी तो चॅपलमध्ये नेऊन सर्वांना दाखविला.

पुढे ते बिशप झाले, कार्डिनल झाले. २५ सप्टेंबर १९५३ च्या रात्री सरकारची माणसे त्यांना अटक करायला आली, तेव्हा घरचा कुत्रा त्यांतील एकाला चावला. कार्डिनलांनी आधी त्याच्या जखमेला औषध लावले, मग ते कैदेत गेले. तीन वर्षे ते बंदिवासात होते.

१९६५ साली पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. कार्डिनलांची त्यावर सही होती. सरकार खवळले ते ठीक, पण क्षमा आपण कशासाठी मागायची, हे अनेक भाविकांनाही कळेना. ज्यांची माणसे मारली गेली होती त्यांना ते कसे कळावे? कार्डिनलांनी सही मागे घेतली नाही.

२८ मे १९८१ रोजी ते प्रभुघरी गेले. १२ सप्टेंबर २०२१ रोजी वॉर्सात त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, आणि त्याच मिस्सामध्ये लास्कीच्या मदर चात्स्का ह्यांनाही.