नाकारलेला विषय

आठवीत संस्कृत घ्यायचे की हिंदी, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी एका संध्याकाळीच सुटला असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत ही निवड करताच आली नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे शालेय शिक्षण सातारा आणि मुंबईत झाले. मुलांनी संस्कृत शिकावे, अशी वडील रामजी सुभेदार यांची फार इच्छा. पण अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. भीमरावांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी.ए.

पुढच्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे विषय निवडायला कुणाची आडकाठी नव्हती. त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले; शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पुढे लंडनला ते डी.एस्सी. आणि बॅरिस्टर झाले. अर्थतज्ज्ञ, वकील, प्राध्यापक, राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, या साऱ्या भूमिकांना ती रुंद बैठक उपयोगी पडली.

संस्कृतची उणीव मात्र उरली. मोठेपणी त्यांनी स्वतः आणि पंडितांच्या मदतीने त्या भाषेचा अभ्यास केला. तरीही १९४६ साली शूद्रांच्या उगमावरील ग्रंथ लिहिताना, आपण पंधरा वर्षे हे साहित्य इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासले, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले. शाळेत नाकारलेल्या एका विषयाची किंमत त्यांच्यासारख्या विद्वानालाही इतकी वर्षे मोजावी लागली.

आपल्या नाशिकने त्यांना पाहिले ते काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वेळी. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला हा लढा पाच वर्षे चालला, तरी मंदिर उघडले नाही. त्याआधीच, १९२७ मध्ये, कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली होती.

आज आपल्यातले बरेच जण पालक आहेत, काही शिक्षकही. अकरावीला गणित सोडले तर पुढे काय हुकेल, जीवशास्त्र सोडले तर काय, हे मुलांना निवडीआधीच नीट सांगावे. एवढे करून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. अमुक मुलाला अमुक विषय झेपणार नाही, असे आपण परस्पर ठरवू नये. ज्याला संस्कृत नाकारले, त्याने पुढे देशाची घटना घडवली, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.