वर्ध्यातून पकडून नेलेले बादशाह खान आणि जन्म पाहून लागणारा कायदा

वर्धा जिल्हा म्हटलं की गांधीजी, विनोबा, जमनालाल बजाज ही नावं आपल्या तोंडी येतात. त्याच वर्ध्यात १९३४ साली सरहद्दीकडचे एक उंचपुरे पठाण राहायला आले होते आणि पोलिसांनी त्यांना इथूनच पकडून नेलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. ते होते खान अब्दुल गफ्फार खान, म्हणजेच बादशाह खान.

त्यांचा जन्म १८९० चा, पेशावरजवळच्या उत्मानझई गावातला. घर खानांचं, जमीनजुमल्याचं. पण त्यांना ध्यास होता पठाणांच्या मुलांनी शिकावं याचा. १९२१ साली त्यांनी गावात आझाद शाळा काढली आणि त्याच वर्षी त्यांना तीन वर्षं सक्तमजुरी झाली. पायात बेड्या, समोर चक्की.

शाळा काढणाऱ्या माणसाला एवढी शिक्षा कशी झाली? त्यांच्या प्रांताला १९०१ सालचा एक वेगळाच कायदा होता, फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन. त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी पठाण आणि बलुच लोकांवर लावायच्या, हे त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. सरकारी अधिकाऱ्याने आपल्या पसंतीचा जिरगा नेमायचा. आरोपीला वकील नाही, शिक्षेवर अपील नाही. एकाने काही केलं तर सगळ्या गावाला किंवा जमातीला दंड करता यायचा. त्यातलं ४० वं कलम तर असं की, शांतता राखण्याचा जामीन द्या, नाहीतर तीन वर्षं आत बसा. गुन्हा सिद्ध व्हायची गरजच नाही. गुन्हा काय, हे बघण्याआधी माणूस कुणाच्या पोटी जन्मला हे बघणारा हा कायदा होता.

१९२९ मध्ये त्यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. हत्यार हातात न धरण्याची शपथ घेतलेले हे पठाण. २३ एप्रिल १९३० ला बादशाह खानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. विठ्ठलभाई पटेलांच्या समितीने त्याची चौकशी केली, तर सरकारने त्या अहवालावरच बंदी घातली.

पुढे हजारीबागच्या तुरुंगातून ऑगस्ट १९३४ मध्ये ते सुटले, पण पंजाब आणि सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला मनाई झाली. घरच बंद झालेल्या या माणसाला जमनालाल बजाजांनी वर्ध्याला बोलावलं. नमाज सांभाळून ते गांधीजींच्या प्रार्थनेलाही बसत. मुंबईत ख्रिस्ती बांधवांच्या एका सभेत त्यांनी सरहद्दीवरच्या जुलमाची हकीकत सांगितली होती. तेवढ्यावरून ७ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात त्यांना अटक झाली. मुंबईला नेऊन राजद्रोहाच्या कलमाखाली दोन वर्षं सक्तमजुरी देण्यात आली. जुलूम करणारे मोकळे आणि तो सांगणारा तुरुंगात!

याच कलमाखाली १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांच्या खटल्यात नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन होते, आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. तिकडे अमेरिकेतही तेच चाललं होतं. १९३१ साली अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो इथे नऊ काळ्या तरुणांवर खटला चालला. सगळ्या गोऱ्या ज्युरींनी त्यांच्यातल्या आठ जणांना दोषी ठरवलं आणि त्यांना फाशी सुनावण्यात आली. ज्युरीतून काळ्या लोकांना वगळणं चूक आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये मान्य केलं. देश वेगळे, पण तराजूचा काटा कातडी आणि जात बघूनच झुकत होता.

१९३६ मध्ये बादशाह खान सुटले, तरी गावी जायची बंदी कायम होती. ते परत वर्ध्यालाच आले. १९३७ साली प्रांतात भाऊ डॉ. खान साहेबांचं सरकार येत असताना बंदी उठली आणि सहा वर्षांनी ते घरी गेले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. इंग्रज गेले, पाकिस्तान झालं, आणि १९४८ साली बादशाह खानांना पुन्हा तीन वर्षांची शिक्षा झाली. कायदा तोच, कलमही तेच, ४० वं. फक्त आता तो चालवणारे कलमा पढणारे होते. त्या पट्ट्यातून हा कायदा हटायला २०१८ उजाडलं. बादशाह खान तर २० जानेवारी १९८८ लाच पेशावरमध्ये अल्लाहला प्यारे झाले होते. दफन जलालाबादला झालं. आयुष्यातली पंचवीसहून जास्त वर्षं तुरुंगात गेली.

आपल्या घरांतही इन्साफाची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण परक्याच्या हातात असताना जो कायदा जुलमी होता, तो आपल्या माणसाच्या हातात आला म्हणून हलाल होत नाही. इन्साफ करताना आपला-परका बघू नये, ही तर आपल्या दीनचीच शिकवण. मुलांना सेवाग्राम दाखवायला नेलं, तर बापूकुटीबरोबर या पठाणाचीही गोष्ट सांगूया.