हिमकणांचा छायाचित्रकार



नाताळच्या गोठ्यावर आपण कापसाचे बर्फ पसरतो. आकाशातून पडणारे खरे हिम आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. त्या हिमाचा एकेक कण कसा दिसतो हे जगाला दाखविणाऱ्या एका शेतकऱ्याची आज ओळख करून घेऊ या.

विल्सन बेंटली यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जेरिको या गावी झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. चौदा वर्षांपर्यंत तिनेच त्यांना घरी शिकविले. तिच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली विल्सनने हिमकण पाहिला आणि त्याचे मन तेथेच अडकले. पण ती नक्षी कागदावर उतरवायला बसावे, तोवर कण विरून जाई.

सूक्ष्मदर्शकाला जोडता येईल असा कॅमेरा हवा होता. त्यासाठी सुमारे १०० डॉलर लागणार होते. शेतकरी वडिलांना हा सारा पोरखेळ वाटे, तरी त्यांनी पैसे दिले. (आपल्या मुलांचे छंद आपल्यालाही कितीदा असेच वाटतात!) बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी पहिले छायाचित्र निघाले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस होते.

काम जिकिरीचे होते. शेकोटी नसलेल्या थंडगार खोलीत काळ्या फळीवर हिम झेलायचे, चांगला कण बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पक्ष्याच्या पिसाने अलगद दाबायचा. श्वाससुद्धा रोखून धरायचा, कारण उच्छ्वासाच्या उबेनेही तो नाहीसा होई. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात, म्हणून कणाला सहा भुजा फुटतात. पण प्रत्येकाची नक्षी निराळी. अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्यांनी काढली. शेती सोडली नाही, लग्न केले नाही. शेजाऱ्यांना हा माणूस विक्षिप्तच वाटे.

पुढे हेलमान नावाच्या जर्मन हवामानतज्ज्ञाने त्यांच्यावर आरोप केला, की बेंटली चित्रांत फेरफार करतात. आरोपात तथ्य होते. शुभ्र कण उठून दिसावा म्हणून ते निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रतीवर कणाभोवतीचा थर चाकूने खरवडून काढीत. छापल्यावर पार्श्वभूमी काळी येई.

सेमिनरीत सत्य आणि सौंदर्य एकच की दोन, यावर आम्ही तावातावाने वाद घालीत असू. खरवडण्यात आम्हाला लबाडी दिसत नाही. मूळ निगेटिव्ह त्यांनी जपून ठेवलेली असे. आमची तक्रार वेगळी आहे. आकाशातून पडणारे बहुतेक कण वाकडे, मोडके, एकमेकांना चिकटलेले असतात. बेंटलींनी मात्र बव्हंशी सुबक तेवढेच निवडले. जर्मनीत नॉयहाउस यांनी काढलेल्या चित्रांत ओबडधोबड कणही आहेत. ती पाहिली की बेंटलींच्या संग्रहात किती जणांना जागा मिळाली नाही हे कळते.

१९३१ साली हम्फ्रीज या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांचे पुस्तक निघाले, त्यात २,४०० हून अधिक चित्रे होती. त्याच डिसेंबरात ते हिमवादळातून पायी घरी परतले, त्यांना न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला, नाताळच्या दोन दिवस आधी, जेरिकोतील त्यांच्या शेतघरात त्यांचे निधन झाले.