गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स

गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स (१ जुलै १६४६, लाइपझिग – १४ नोव्हेंबर १७१६, हॅनोव्हर) हे जर्मन तत्त्वज्ञ व गणितज्ञ होते. कलनाचा शोध त्यांनी न्यूटन यांच्यापासून स्वतंत्रपणे लावला.

जीवन

त्यांचे वडील लाइपझिग विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १६५२ मध्ये ते वारले. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात लायप्निट्स बरेचसे स्वतःच शिकले. आल्टडोर्फ येथे कायद्याची डॉक्टरेट मिळवून ते माइन्झच्या शासकाच्या सेवेत गेले. १६७२ ते १६७६ या काळात पॅरिसमध्ये क्रिस्तियान हायगेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी गणिताचा अभ्यास केला. १६७५ मध्ये तेथेच त्यांनी कलनाची चिन्हे योजली. पुढील चाळीस वर्षे ते हॅनोव्हरच्या दरबारी होते.

सांतत्याचा प्रश्न

बिंदूला लांबी नाही. मग बिंदूंची रेषा कशी बनते? विभाजन कोठेच थांबत नसेल, तर वस्तूचे मूळ घटक कोणते? विभाजन अनंत मानल्यास मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच ठरतील, या युक्तिवादाने भारतीय न्याय-वैशेषिकांनी अविभाज्य परमाणू स्वीकारला. लायप्निट्स यांनी असा परमाणू नाकारला. बुद्धी ज्यांत वाट चुकते अशा दोन चक्रव्यूहांपैकी एक त्यांनी सांतत्याचा मानला. दुसरा स्वातंत्र्य व अपरिहार्यता यांचा. १६७६ मध्ये इंग्लंडहून हॉलंडला जाताना जहाज खोळंबले असता त्यांनी गतीच्या सांतत्यावर एक संवाद लिहिला.

त्यांच्या परिपक्व मतानुसार रेषा, अवकाश व काल हे वैचारिक असून त्यांत पूर्ण आधी व भाग नंतर येतात. प्रत्यक्ष वस्तूंत मात्र घटक आधी असतात. जडद्रव्य अनंत भागांत खरोखरच विभागलेले असते आणि त्याचा आधार विस्तारहीन चिदणू हा असतो. चिदणू हा अवकाशाचा तुकडा नसल्याने त्यांपासून रेषा जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र विस्तारहीन चिदणूंतून विस्तृत जग कसे भासते, हा आक्षेप या सिद्धांतावर कायम राहिला.

अखेर

१७१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या समितीने कलनाच्या वादात न्यूटन यांच्या बाजूने कौल दिला. १७१४ मध्ये हॅनोव्हरचे गेओर्ग इंग्लंडचे राजे झाले. राजघराण्याचा इतिहास पूर्ण करण्यासाठी लायप्निट्स यांना मागेच ठेवण्यात आले. तो अपूर्णच राहिला. त्यांच्या अंत्यविधीकडे दरबाराने पाठ फिरवली. १७१४ मध्ये लिहिलेले, ९० परिच्छेदांचे चिदणूविषयक टिपण मृत्यूनंतरच छापले गेले. त्यांच्या जतन केलेल्या पत्रव्यवहाराचा युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिसूचीत समावेश केला.