चाळीस फुटी वस्त्रावरचा ग्रंथ

मुकुंदराजांच्या समाधीमुळे बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई मराठी वाचकास परिचित आहे. त्याच गावी सोळाव्या शतकात दासोपंत देशपांडे नावाचे एक विलक्षण ग्रंथकार होऊन गेले. विपुल लेखनासाठी त्यांचे नाव घेतले जातेच. पण त्यांची खरी नवलाई कागदावर नाही, कापडावर आहे.

दासोपंतांचा जन्म १५५१ मधला, नारायणपेठेच्या देशपांडे घराण्यातला. वडील दिगंबरपंत बेदरच्या बरीदशाहीचे वतनदार. दुष्काळात सरकारी वसूल थकला आणि सुलतानाने मुलाला ओलीस ठेवले. मुदतीत रक्कम न आल्यास धर्मांतर, अशी अट होती. दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या रूपाने येऊन भरणा केला, असे चरित्रकार सांगतात. कथा दामाजीपंतांच्या वळणाची आहे खरी. परंतु सुटकेनंतर या तरुणाने घर सोडले आणि माहूर गाठले. तेथील दीर्घ तपश्चर्येनंतर गोदाकाठचे राक्षसभुवन, आणि अखेरीस अंबाजोगाई.

पुढे लेखणी थांबली नाही. ‘दिगंबरानुचर’ ही त्यांची नाममुद्रा. गीतेवरील ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा मानते. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, ही आख्यायिका त्यामुळेच रुजली असावी.

मात्र ‘पंचीकरण’ लिहिताना त्यांनी पोथीची पाने बाजूस सारली आणि पासोडी घेतली. पासोडी म्हणजे गोरगरिबांनी अंगावर घ्यायचे जाडेभरडे दुपदरी वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद अशा या वस्त्रावर त्यांनी जवळजवळ सोळाशे ओव्या लिहिल्या. असे का केले असावे? विषयच तसा आहे. प्रत्येक महाभूताचा अर्धा भाग स्वतःचा, उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा एकेक अष्टमांश. या मिश्रणातून स्थूल सृष्टी साकारते, असे वेदान्त सांगतो. हा गुणाकार पोथीच्या चिंचोळ्या पानावर मावत नाही. तो एका नजरेत पसरलेला दिसावा लागतो. पंचमहाभूतांच्या देहाला शास्त्रकार वस्त्राचीच उपमा देत आले. दासोपंतांनी त्या देहाचे शास्त्र खरोखरच वस्त्रात साठवले, असे आम्हांस वाटते. शाई पसरू न देता भरड सुतावर इतके अक्षर उमटवणे ही कारागिरी तर निराळीच.

१६१५ मध्ये अंबाजोगाईसच त्यांनी देह ठेवला. पासोडी त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पोथी जीर्ण झाली तर नक्कल करता येते. वस्त्राची घडी जिथे पडते तिथेच सूत विरते आणि त्याबरोबर अक्षरही. न. शे. पोहनेरकरांनी पासोडी संपादित करून छापली, म्हणून ओव्या आज कोणालाही वाचता येतात. पण चाळीस फुटांची ती सलग मांडणी छापील पानापानांत तुटली. ती पाहायची तर मूळ वस्त्रच टिकायला हवे.