पाखरांची कैवारी : रॅचेल कार्सन

हिवतापाचा विषय निघाला की आमची आजी अजून पावडर मारणाऱ्यांची आठवण काढते. तिच्या लहानपणी ती माणसे पंप घेऊन गावात येत, घराच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून जात, आणि मग घरात कुणी थंडीतापाने कुडकुडत नसे. त्याच डी.डी.टी.विरुद्ध एका बाईने पुस्तक लिहिले हे वाचले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला तिचा रागच आला.

रॅचेल कार्सन २७ मे १९०७ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल गावी जन्मली. घरची परिस्थिती बेताची. तिच्या फीसाठी आईने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, चिनी मातीची चांगली भांडी विकली. (आमच्याकडे शेळ्या विकल्या, एवढाच फरक!) लेखिका व्हायचे म्हणून इंग्रजी घेतलेली ही मुलगी मध्येच जीवशास्त्राकडे वळली. १९३२ साली एम.ए. झाली. वडील वारले, मग बहीण गेली. तिच्या दोन मुली रॅचेलने आणि आईने सांभाळल्या. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी करीत ती लिहीत राहिली. १९५१ साली समुद्रावरील पुस्तकाने तिचे नाव झाले.

१९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ आले. त्यात मिशिगनमधील एका विद्यापीठाच्या आवाराची हकिगत आहे. एल्मची झाडे वाचवण्यासाठी डी.डी.टी. फवारले. गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी, आणि रॉबिन मरून पडू लागले. सरसकट बंदी घाला असे तिने म्हटलेच नव्हते. बेसुमार फवारणीने डासही औषधाला दाद देईनासे होतात, हेही तिनेच सांगितले. म्हणजे आजीचे आणि तिचे भांडण नव्हतेच! रसायन कंपन्या मात्र तिच्यावर तुटून पडल्या. तेव्हा तिला कर्करोग झाला होता, आणि ते तिने लोकांपासून लपवले होते. १४ एप्रिल १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी ती गेली.

बहिरी ससाण्याचे कोडे उलगडले ते तिच्या मागून. सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठणारा हा पक्षी. पण १९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत पूर्व अमेरिकेत त्याची घरटी उरली नाहीत. १९६७ साली ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुनी अंडी तपासली, तेव्हा १९४७ च्या सुमारापासून कवच पातळ झालेले दिसले. किड्यांतून पाखरांत, पाखरांतून ससाण्यात विष साठत गेले होते. उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटत.

हे आजीला सांगितले. ती दरवर्षी खुडूक कोंबडी बसवते. तिने एवढेच विचारले, की पुढे पिल्ले निघाली का.

निघाली. १९७२ साली अमेरिकेने डी.डी.टी.च्या बहुतेक वापरावर बंदी घातली. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात ससाणे वाढवले, पिल्ले कड्यांवर नेऊन सोडली. १९९९ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून या पक्ष्याचे नाव निघाले. आता तो न्यूयॉर्कच्या उंच इमारतींच्या सज्जांवरही अंडी घालतो.