विमानांचे शिल्पकार : डॉ. वि. मा. घाटगे

विद्यार्थी मित्रांनो, डोक्यावरून विमान गेले की आपण हातातले काम टाकून वर पाहतो. ते कोठे चालले असेल, त्यात कोण बसले असेल, असे प्रश्न मनात येतात. पण ते विमान सर्वांत आधी कागदावर कोणी आखले असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या पाठात तुम्हांला अशाच एका विमाने आखणाऱ्या माणसाची ओळख होणार आहे. हा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातला.

गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे खेडे आहे. तेथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. राइट बंधूंनी अमेरिकेत पहिले उड्डाण केले होते १९०३ साली. म्हणजे विमान आणि घाटगे जवळजवळ बरोबरीनेच वाढले. कोल्हापूरला विमानतळ सुरू झाला तो १९३९ साली. तोवर घाटगे तीस वर्षांचे झाले होते आणि विमानविद्येत त्यांनी डॉक्टरेटही मिळवली होती.

ही विद्या शिकण्यासाठी ते जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले. लुडविग प्रांटल हे वायुगतिशास्त्राचे थोर पंडित तेथे शिकवत होते. अशा उस्तादाच्या हाताखाली शिकण्याची संधी घाटगे यांना मिळाली.

ते काय शिकले, ते थोडक्यात पाहू. उडत्या विमानावर चार बले काम करतात. वजन विमानाला खाली खेचते. पंखांवर निर्माण होणारे उत्थापक बल त्याला वर उचलते. प्रोपेलर त्याला पुढे ओढतो आणि हवेचा विरोध मागे अडवतो. ही विमानविद्येची बाराखडी; अलिफ-बे म्हणा हवे तर!

आता एक प्रयोग करा. नळ बारीक सोडा. चमचा दांड्याच्या टोकाला सैल धरून लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर बाजू धारेला हळूच लावा. धार चमच्याला चिकटून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो. वाहते पाणी एका बाजूला वळवले, तर वळवणारी वस्तू उलट दिशेला ढकलली जाते. विमानाचा पंख हवेला खाली वळवतो, म्हणून हवा पंखाला वर उचलते.

प्रांटल यांनी १९०४ साली दाखवून दिले होते, की पंखाच्या अगदी लगत हवेचा एक पातळ थर असतो. हवा पंखाला धरून वाहते तोवर सारे ठीक चालते. पण वैमानिकाने विमानाचे नाक फार वर उचलले, तर हा थर पंखापासून सुटतो. मग उत्थापक बल एकदम घटते आणि विमान खाली येऊ लागते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन चालू असूनही असे घडू शकते. नवशिक्या वैमानिकाला याचा मोठा धोका असतो.

घाटगे मायदेशी परतले. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घाटगे यांनी या कारखान्यासाठी सैनिक वाहून नेणाऱ्या, बिनइंजिनाच्या ग्लायडरची आखणी केली. १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तेथे घाटगे यांनी तरुणांना शिकवले. परदेशात मिळवलेली विद्या त्यांनी आपल्यापुरती ठेवली नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. हवाई दलाला नवे वैमानिक हवे होते. परंतु त्यांना शिकवण्याची विमाने परदेशी होती. एखादा भाग मोडला, तर तो समुद्रापलीकडून मागवावा लागे. शिकाऊ विमान आपण स्वतःच आखू शकू का? उत्तर देण्याची जबाबदारी घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर आली.

तुम्हांला वाटेल, शिकाऊ विमान म्हणजे सोपे काम. तसे नाही. ते फार स्थिर असेल, तर शिकणाऱ्याला काहीच शिकवणार नाही. फार चंचल असेल, तर एका चुकीत त्याचा जीव जाईल. विमानाने चूक दाखवली पाहिजे आणि ती सुधारायला वेळही दिला पाहिजे. शिवाय त्यात उस्ताद आणि शागीर्द असे दोघे बसतात. काही दिवसांनी उस्ताद खाली उतरतो आणि शागीर्द एकटाच उडतो. तराजूच्या एका पारड्यातील वजन काढले तर काय होते, ते तुम्ही जाणता. विमानाचा तोल मात्र दोन्ही वेळी नीट राहिला पाहिजे. म्हणून आसने, इंजिन, टाक्या, शेपटी यांची जागा आधी हिशोब करून ठरवावी लागते. कागदावरची चूक आकाशात दुसऱ्याला भोगावी लागते!

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या या विमानाचे नाव एच.टी.-२. ते धातूचे होते. पंख खालच्या अंगाला होते. दोन आसने एकामागे एक होती आणि दोन्हीकडून विमान चालवता येत असे. इंजिन मात्र अजून परदेशीच होते. ऑगस्ट १९५१ मध्ये वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. कागदावरचे सारे हिशोब त्या दिवशी कसाला लागले आणि खरे ठरले.

पुढे अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. हवाई दलातील कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यांवर गिरवले. आफ्रिकेतील घाना या नवस्वतंत्र देशाच्या हवाई दलालाही ती देण्यात आली. काल जो देश विमाने मागवत होता, तो आज दुसऱ्याला देऊ लागला!

घाटगे तेथेच थांबले नाहीत. फ्लाइंग क्लबांसाठी तयार झालेले ‘पुष्पक’ १९५८ साली उडाले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी आकाशात झेपावले. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाने पुढे अनेक वर्षे याच विमानांवर कसरती करून दाखवल्या. भारत सरकारने १९६५ साली घाटगे यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, वैमानिकाचे धाडस सर्वांना दिसते; आखणी करणाऱ्याची दक्षता कोणाला दिसत नाही. पण एकटा उडालेला शागीर्द सुखरूप जमिनीवर उतरतो, तेव्हा त्यात त्या दक्षतेचाही वाटा असतो. गणिताचे उत्तर पुन्हा एकदा ताडून पाहण्याचा तुम्हांला कंटाळा येईल, तेव्हा हसूरचंपूच्या या माणसाची आठवण करा.

शब्दार्थ
आखणे – नकाशा, आराखडा तयार करणे
उत्थापक – वर उचलणारे
चंचल – स्थिर नसलेले
शागीर्द – शिष्य
कसाला लागणे – परीक्षा होणे
दक्षता – काळजी, सावधपणा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घाटगे यांचा जन्म कोठे झाला?
(आ) एच.टी.-२ हे विमान प्रथम कोणी उडवले?
२. कारणे लिहा.
(अ) शिकाऊ विमान फार स्थिर असून चालत नाही.
(आ) विमानातील आसनांची जागा हिशोब करून ठरवावी लागते.
३. चमच्याचा प्रयोग करा आणि काय दिसले ते पाच-सहा वाक्यांत लिहा.